मिरु दाके

"भाऊ, हाई शिकीसन तुमले भेटस काय?"

परक्या भाषा शिकून तुम्हाला काय भेटतं, हा प्रश्न मला कटिंगच्या दुकानात विचारून झाला आहे, शेठच्या गादीवर विचारून झाला आहे, आणि परवा भाचीच्या साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनीही विचारला, तोही पानावर बसल्यावर. हातात पुरणपोळी असताना माणूस काय उत्तर देणार? "सांगतो सावकाश" म्हणालो आणि तूप वाढून घेतलं. पण तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून लिहितो. ('भेटतं' की 'मिळतं' यावर पुण्याच्या पाहुण्यांनी अडून बसू नये. आमच्याकडे माणसंही भेटतात, पैसेही भेटतात आणि औषधही भेटतं.)

मी अमळनेरला राहतो आणि चोपड्याला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. रोजचं अप-डाऊन. एसटीत जायला तासभर, यायला तासभर. बाकीची मंडळी डुलक्या काढतात किंवा मोबाइलमध्ये डोकं घालतात, मी चिठ्ठ्या काढतो. रद्द झालेल्या हिशेबाच्या पट्ट्यांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या: एका बाजूला परका शब्द, दुसऱ्या बाजूला आपला. तापीचा पूल येईपर्यंत वीस चिठ्ठ्या. एवढाच माझा अभ्यास. वय पंचावन्न, पासपोर्ट काढलेला नाही, परदेश पाहिलेला नाही, पगार या नादापायी एक रुपयानं वाढलेला नाही. एकदाच कामाला आल्यासारखं वाटलं होतं. आखातात जाणाऱ्या केळीच्या खोक्याचा नमुना टेबलावर आला आणि त्यावरची तीन अक्षरं मी शेठना वाचून दाखवली: मीम, वाव, झे. मौझ, म्हणजे केळ. शेठनी खोकं फिरवलं आणि म्हणाले, "पण शेजारी चित्र आहेच की."

तर फायदा हा विषय तिथेच संपला.

सुरुवात झाली रशियनपासून, १९८४ च्या सुमारास. तेव्हा गावोगाव सोव्हिएत पुस्तकांची गाडी यायची. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी आणि किंमत चार-पाच रुपये. गोष्टीचं समजून मी उचललेलं पुस्तक घरी येऊन उघडलं तर ते इंग्रजीतून रशियन शिकवणारं निघालं. माझं इंग्रजी तेव्हा नववीच्या खानदेशी पोराचं असतं तेवढंच, म्हणजे एका न येणाऱ्या भाषेतून दुसरी न येणारी भाषा. तरी एका पानावर अडकलो. 'म्न्ये खोलद्न' असं वाक्य होतं. खाली इंग्रजीत ताकीद होती की रशियन माणूस 'मी थंड आहे' म्हणत नाही, 'मला थंड आहे' म्हणतो, हे नीट लक्षात ठेवा. यात लक्षात काय ठेवायचं? मला थंडी वाजते. आजी म्हणायची, "माले थंडी वाजस." विचित्र तर इंग्रजाचंच होतं. त्याला थंडी वाजत नाही, तो स्वतःच थंड होऊन बसतो.

ही पुस्तकं माझ्यासाठी लिहिलेली नाहीत हे त्या पानावर कळलं. आजही तेच आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था वकिलातीत जाणाऱ्यांना भाषा शिकवते. कोणत्या भाषेला किती तास लागतात याचा त्यांचा तक्ता आहे: स्पॅनिशला ६०० ते ७५० तास, जपानीला २२००. जो तो हा तक्ता पुढे करतो आणि जपानीच्या नावानं घाबरवतो. पण तो इंग्रजी बोलत वाढलेल्या माणसाचा तक्ता आहे. अहिराणी आणि मराठी बोलत वाढलेल्या माणसाला कोणती भाषा कुठे सोपी आणि कुठे अवघड, हे कोणी मोजलेलं नाही. ते मी मोजतोय, माझ्यापुरतं, चिठ्ठ्यांवर. माझा सगळा नाद म्हणजे हा तक्ता.

त्यात जपानीचं खातं सगळ्यात मोठं. क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागतं, आपल्यासारखंच: 'अमळनेर कारा चोपडा मादे', अमळनेरपासून चोपड्यापर्यंत. 'त्सुनामी'तला 'त्सु' म्हणताना हिंदीवाल्यांची जीभ अडते. आपल्याला तो 'चाक', 'चूल' मधला च आहे. पण हे सगळं एका बाजूला आणि 'ताबेते मिरु' एका बाजूला. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणं. ताबेते मिरु: खाऊन बघणं! खाताना कोण कुठे बघतं? पण आपण म्हणतो, आणि तेही म्हणतात. पुढचं पान उलटलं तर 'कात्ते ओकु'. 'कात्ते' म्हणजे विकत घेऊन, 'ओकु' म्हणजे ठेवणं. घेऊन ठेवणं. पाहुणे यायचेत, साखर घेऊन ठेव. पुस्तकात या दोन वाक्यरचनांना इंग्रजीतून दीड-दोन पानं स्पष्टीकरण होतं, उदाहरणं होती, चौकटीत सूचना होत्या. मी ती पानं पलटली आणि चिठ्ठीवर एकेक ओळ लिहिली. त्या दिवशी एसटी पुलावर अर्धा तास अडकली होती, पुढे ऊसाची ट्रॉली कलंडली होती. सगळे शिव्या देत होते आणि मी एकटाच खूश.

अवघड आहे ती चित्राक्षरं. नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची सरकारी यादी आहे २१३६ ची, आणि एकेका अक्षराचे दोन-दोन, चार-चार उच्चार. इथे अमेरिकन आणि मी सारखेच रडतो.

इंडोनेशियनला मी फार दिवस दिले नाहीत, पण तिनं दिलेली एक गोष्ट रोज कामाला येते. त्यांच्याकडे 'किता' आणि 'कामी' असे दोन शब्द आहेत. ऐकणारा आपल्यात धरला तर किता, वगळला तर कामी. इंग्रजीत दोन्हीला एकच 'वुई', म्हणून इंग्रज इथे महिनाभर चुकत राहतो. आपण चुकत नाही, कारण आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' आहेत. आमचे शेठ भाव पडले की म्हणतात, "यंदा आपण मार खाल्ला." भाव चढले की, "यंदा आम्ही बरे सुटलो." किता आणि कामी इतकं स्वच्छ मला कोणत्याच पुस्तकानं शिकवलं नसतं. बाकी त्या भाषेत आपले कितीतरी संस्कृत शब्द जाऊन बसलेत: बुमी म्हणजे पृथ्वी, सुआमी म्हणजे नवरा, इस्त्री म्हणजे बायको. हे शेवटचं मी घरी कौतुकानं सांगितलं. उत्तरादाखल मला धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा दाखवण्यात आला.

स्पॅनिशची गोष्ट मात्र जरा जुनी आहे. आमच्या तोंडी ळ नाही. डोया, सकाय, केय. गावाचं नाव अमयनेर. शाळेत एका मास्तरांनी मला फळ्यासमोर उभं करून 'फळा' असं दहा वेळा म्हणायला लावलं होतं. दहाही वेळा 'फया' निघालं. अकराव्या वेळी डस्टर निघालं. पुढे बऱ्याच वर्षांनी स्पॅनिशच्या पहिल्याच धड्यात दोन एल जोडून लिहिलेलं अक्षर भेटलं. 'रस्ता' या शब्दात ते आहे. मूळ उच्चार ल आणि य यांच्या मधला कुठेतरी; पण आता बहुतेक स्पॅनिश जगत त्याचा सरळ य करतं आणि रस्त्याला 'काये' म्हणतं. ब्युनोस आयर्समध्ये तर 'काशे'. याला त्यांनी नाव दिलंय: येइस्मो. पुस्तकात शेवटी शांतपणे लिहिलं होतं की सगळे उच्चार चालतात. मी ते वाक्य तीनदा वाचलं. आमचा ळ आणि त्यांचा जोड-एल हे काही सख्खे भाऊ नव्हेत, जीभ वेगळ्या जागी लागते. पण डस्टर कुणी मारलं नाही एवढं खरं.

अहिराणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ग्रिअर्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांची पाहणी छापली, त्यात खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, मराठीच्या खंडात नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ती भिल्ली भाषांसोबत आहे, गुजरातीच्या शेजारघरी. आमच्या 'शे'ला, म्हणजे 'आहे'ला, गुजराती 'छे' जवळचा वाटतो, तो उगाच नाही. हे मराठीच्या एका प्राध्यापकांना सांगितलं तर ते रागावले, आणि एका गुजराती व्यापाऱ्याला सांगितलं तर त्यानं चहा मागवला.

अमळनेरात भाषांचं बोलणं निघालं की साने गुरुजी येतातच. ते इथे प्रताप हायस्कुलात शिकवायचे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तिरुवल्लुवरांचं काव्य त्यांनी मराठीत आणलं, आणि पुढे आंतरभारतीचं, म्हणजे प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकण्याचं, स्वप्न बघितलं. मला उगाच त्या रांगेत बसवू नका. मी माणसं जोडायला शिकत नाही. खरं सांगायचं तर चाळीस वर्षांत मी परक्या भाषेत माणसांशी बोललोच फार थोडं, आणि त्याची शिक्षाही भोगली.

२०१९ च्या डिसेंबरात पुण्याला जपानीची परीक्षा दिली, खालून दुसरी पातळी. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलो, स्टँडवर तोंड धुतलं. केंद्रावर फाटकातल्या मुलानं नम्रपणे सांगितलं, "काका, पालकांनी बाहेर थांबायचंय." हॉलतिकीट दाखवल्यावर त्यानं माझ्याकडे आणि फोटोकडे दोनदा पाहिलं. लेखी पेपर झकास गेला. मग ऐकण्याचा. ध्वनिफीत एकदाच वाजते. बाई बोलली, पुरुष बोलला, पाऊस आणि छत्री असं काहीतरी होतं, आणि मी छत्रीवर विचार करेपर्यंत प्रश्न संपला. निकाल आला: १८० पैकी १०४. पास व्हायला ९० पुरतात. पण ऐकण्यात ६० पैकी १९ हवेतच आणि मला १७. नापास. घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही ऐकत नाही हे जपानलाही कळलं."

पुढच्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला गेलो. फर्दापूरच्या फाट्यावर, जिथून लेण्यांकडे बस सुटते, दगड विकणारे असतात. आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोटात वाढलेले स्फटिक, पांढरे, हिरवट, जांभळे. एक चाळिशीचा गडी जपानी बायकांच्या मागे चालत होता. "मिरु दाके! मिरु दाके! यासुई!" नुसतं बघा, स्वस्त आहे. एक बाई थांबली, भरभर काहीतरी बोलली. मला दोन शब्द कळले. त्यानं तितक्याच भरभर उत्तर दिलं, बाई हसली, दगड घेतला, गेली.

मी त्याला गाठलं. कुठे शिकलात?

"कुठे म्हंजे? सीझनला ग्रुप येतात, साहेब. बोलतात ते कानात बसतं."

अक्षर एकही येत नव्हतं. मला वाचता येतं म्हटल्यावर त्यानं पाकिटातून एक मळकट कार्ड काढलं, कडा कापसासारख्या झालेल्या. कुणीतरी गिऱ्हाइकानं दिलेलं. मी ओसाका वाचलं, नाव वाचलं, खाली पेनानं लिहिलेली ओळ वाचली: पुन्हा येईन. त्यानं कार्ड परत घेऊन उलटसुलट पाहिलं. "सात-आठ वर्षं झाली हे खिशात आहे," एवढंच म्हणाला.

मग मी त्याच्यासमोर दोन-चार वाक्यं बोलून दाखवली. त्यानं मान हलवली. "साहेब, तुम्ही वाचल्यासारखं बोलता. बोलल्यासारखं बोला." आणि मला तिथेच, पाहुणे बसच्या रांगेत खोळंबलेले असताना, 'मिरु दाके' पाच वेळा म्हणायला लावलं. मला फळा आठवला. पण पाचव्या वेळी तो म्हणाला, "आता गिऱ्हाईक थांबेल." दगड मी त्याच्याकडूनच घेतला. भाव एक रुपयानं कमी केला नाही पठ्ठ्यानं.

भाचीच्या सासऱ्यांना आता सांगायचं तर मी हेच दोन शब्द सांगेन, पण ते पुढे विचारतील की मग बघून काय भेटतं, आणि पुरणपोळी पुन्हा थंड होईल.

हल्ली एसटीत कानात बोंडं घालून ऐकतो. चिठ्ठ्या सुटल्या नाहीत, सवय आहे. परवा शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर मेथीची जुडी. बराच वेळ माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत होती.

"कोनती भाषा शे हाई?"

"जपाननी, मावशी."

"तठे केया पिकतस का?"

म्हटलं, फारशा नाही, बहुतेक बाहेरून येतात, फिलिपाइन्सहून. तिला ते पटलं नाही. "मंग आपला धाडा ना तठे." शेठना सांगतो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं विचारलं, जपानी लोक केळ्याला काय म्हणतात?

"बानाना," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे पाहिलं.

"इतलं शिकीसन हाईच का, भाऊ?"