होम स्टडी, सासूबाई आणि हॉलचं बुकिंग

शनिवार, रात्र

भारतातून मूल दत्तक घ्यायचं म्हणून आमची होम स्टडी, म्हणजे घराची आणि घरातल्या माणसांची तपासणी, चालू आहे, आणि सोमवारी सोशल वर्कर घरी येणारेत. आमचे दोघांचे वेगवेगळे इंटरव्ह्यू झालेत, आता घर बघणार आणि सासूबाईंशी बोलणार. नवऱ्याने सकाळपासून कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर वाजवून वाजवून डोकं उठवलंय. गॅरेजमधले रंगाचे डबे वरच्या फळीवर गेले, नळाचं गरम पाणी 120 फॅरनहाइटवर आणलं, आणि सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, ज्या कायम डायनिंग टेबलवर लोणच्याच्या बरणीशेजारी असतात, त्या आता कुलपात गेल्यामुळे दर जेवणाआधी "किल्ली कुठंय गं" चालू आहे.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण होतात एकदाची. वयाच्या 18 व्या वर्षापासून जिथे जिथे राहिलो तिथलं रेकॉर्ड तपासतात, म्हणजे आमचं न्यू जर्सी, त्याआधी टेक्सास, त्याआधी पुणे, आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडेच असल्याने त्यांचंही सगळं. फिंगरप्रिंटला गेलो तर मशीनवर त्यांचे ठसेच नीट उमटेनात. वयाने रेषा पुसट होतात म्हणाली तिथली मुलगी. मी मराठीत सांगितलं तर म्हणतात, "वयाने नाही, भांडी घासून."

मैत्रिणी म्हणतात, स्वतःची मुलं होतात त्यांना कोण विचारतं घरात कुलूप आहे का म्हणून. मला नाही तसं वाटत. भारतातून एक मूल उचलून इतक्या लांब आणणार, तर कुणीतरी येऊन घर बघून जायलाच हवं की. लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी व्हायची या प्रश्नाला मात्र आम्ही दोघं जरा थबकलो, मग दोघांनीही खरं तेच लिहिलं, फुटपट्टी.

खरा घोळ वेगळाच आहे. आमच्या दोघांच्या वयांची बेरीज 88. कारा, म्हणजे भारतातली दत्तकाचं बघणारी सरकारी संस्था, तिच्या नियमात 2 वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याची बेरीज 85 च्या आत लागते, 2 ते 4 साठी 90. म्हणजे आमच्याकडे तान्हं येणार नाही, चालतंबोलतं येणार, कदाचित मराठी बोलणारं, कदाचित हिंदी नाहीतर ओडिया. आणि ते तोपर्यंत संस्थेत वाढलेलं असणार. हेग कन्व्हेन्शन, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक घेण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, त्याखालच्या दत्तकासाठी इथे पालकांना किमान 10 तासांचं ट्रेनिंग लागतं, त्यात हाच भाग जास्त होता. असं मूल कुणाकडेही पटकन जातं, हात वर करतं, बघणाऱ्याला वाटतं कित्ती माणसाळलेलं आहे, पण आपलं माणूस नेमकं कोण हे त्याला अजून कळलेलंच नसतं. म्हणून पहिले काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं, कडेवर घेणं सगळं फक्त आईबाबांनी करायचं. काही मुलं पोळीचा तुकडा उशीखाली लपवून ठेवतात, रागवायचं नाही, उलट हाताला येईल असा खाऊचा डबाच ठेवून द्यायचा.

आता हे आमच्या घरात सांगायचं. नणंदेने हॉलची चौकशी पण करून ठेवलीय, मंडळातली सगळी, साताऱ्याहून मामा, औक्षण, जेवण. मी म्हटलं हॉल नको, वर्षभर तरी नको, तर फोनवर शांतताच झाली एकदम. आणि सासूबाई तर सरळ म्हणाल्या, "म्हणजे नातवाला मी घ्यायचं नाही?"

नवरा म्हणतो आईला काय बोलायचं ते आधीच पढवून ठेवूया, नाहीतर सोमवारी भलतंच काहीतरी बोलेल. मी नाही म्हटलं. बोलू दे की. त्या म्हणतात, "तुझ्या नवऱ्याला मी एकटीने वाढवलं का? अर्धा वेळ शेजारच्या काकूंकडे असायचा, तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा, काय बिघडलं?" काही बिघडलं नाही हे तर मला पण दिसतंय. पण त्याला संध्याकाळी घरी न्यायला कोण येणार हे पक्कं माहीत होतं ना, ते माहीत असलं की मग मूल दहा घरी जेवेना का. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण मेथी निवडायच्या थांबल्या. तरी ट्रेनिंगवाल्यांचंही मला सगळं पटत नाही, त्यांच्या डोक्यातलं घर म्हणजे आई, बाबा आणि बंद दार, आमच्याकडे दार बंद असतं कधी?

तर सध्या तह असा झालाय की वरणभात त्या करणार, भरवणार आम्ही. गोष्टी त्या सांगणार, पण मूल आमच्या मांडीवर. हॉलचं मी नणंदेशी परत बोलेन, आत्ता ताकद नाही.

मघाशी झोपायला जाताना मात्र दारातून वळून म्हणाल्या, "आणि रडत रडत ते आपणहून माझ्याकडेच आलं तर? ढकलू का त्याला?" मला उत्तर सुचलं नाही. सोमवारी त्यांनीच विचारू दे बाईंना, मी भाषांतर करीन. टीव्ही आणि पुस्तकांचं कपाट भिंतीला बांधायचं राहिलंय, उद्या सकाळी होम डेपो.