सुट्या भागांची रायफल परवडते का? तुम्ही विचारलंत म्हणून

“सर, नवी रायफल तीन लाखांच्या पुढं जातीय. सुटे भाग गोळा करून जोडून घेतली तर निम्म्यात बसंल का नाही?”

कोल्हापुरात एका नेमबाजी रेंजवर मी मुलांच्या एअर रायफलींची देखभाल करतो. साइट (नेम धरायचा भाग) बसवणं, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलणं, दाबाच्या हवेचा सिलिंडर भरणं, सैल झालेलं घट्ट करणं ही माझी कामं, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून तर विचारणारे जास्तच वाढलेत. पालकांत कुणी शिक्षक असतात, कुणाची दोन एकर उसाची शेती असते. मुलगी रेंजवर क्लबच्या रायफलीवर चांगले गुण काढायला लागलेली असते, प्रशिक्षक म्हणतात आता स्वतःची हवी, आणि घरात हिशेब सुरू होतो.

म्हणून एकदा सविस्तर लिहितो. निम्म्यात बसेल की नाही, याचं उत्तर ‘बऱ्याचदा बसतं’ असं आहे. पण भागांवर वाचलेले पैसे दोन ठिकाणी निघून जातात: घरात स्क्रू आवळायचे योग्य पाने नसले तर, आणि भाग विकणारा नंतर फोन उचलत नसला तर. पहिली गोष्ट आपल्या हातात आहे. दुसरीचा अंदाज पैसे देण्याआधी घेता येतो, आणि तो कुणीच घेत नाही.

मी बोलतोय ते १० मीटर एअर रायफलीबद्दल. ४.५ मिलिमीटरची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल बाळगायला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात जूलच्या आसपास असते, त्यामुळे ती या मर्यादेत आरामात बसते. विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, आणि बिल जपून ठेवावं लागतं. जुनी घेतली तरी आधीच्या मालकाचं मूळ बिल मागून घ्या.

सुटे भाग म्हणजे काय, तेही आधी स्पष्ट करतो. बॅरल आणि ॲक्शन (गोळी भरायची आणि झाडायची यंत्रणा) ही जोडी कारखान्यातून जशी आली तशीच, न उघडलेली घ्यायची. ट्रिगरच्या आत कुणी हात घातलेला असेल तर ती मी नाकारायला सांगतो, कितीही स्वस्त मिळाली तरी. बाकी स्टॉक (रायफलीचा सांगाडा), चीकपीस (गाल टेकायचा भाग), बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), ग्रिप, मागची बारीक भोकाची डायऑप्टर साइट, पुढची साइट आणि ती ज्यात बसते तो नळीसारखा टनेल, बॅरलच्या पुढची नळी, सिलिंडर हे सगळं वेगवेगळ्या कंपन्यांचं जमवता येतं. किमतीपलीकडे याचा एक खरा फायदा आहे. आठवीतली मुलगी बारावीपर्यंत उंच होत जाते. सगळं मागेपुढे, खाली-वर सरकणारा स्टॉक असेल तर रायफल तिच्याबरोबर वाढते. फक्त एकूण वजन साडेपाच किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण स्पर्धेत तपासणीला तराजूवर ठेवतात.

आता पान्यांचं. गेल्या हंगामात एक मुलगी माझ्याकडे आली. तिचे गुण अचानक घसरले होते. प्रशिक्षकांनी आधी तिची उभं राहण्याची पद्धत बदलली, मग श्वासाची लय बदलली. पोरगी रडकुंडीला आली होती आणि आपल्यालाच जमत नाही असं धरून बसली होती. मी रायफल स्टँडवर ठेवली, पुढच्या साइटचा टनेल दोन बोटांत धरला आणि हलकेच पिळला, तर तो किंचित हलला. टनेल नळीवर आवळून धरणारा स्क्रू अडीच मिलिमीटरच्या ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी खाचेचा होता आणि त्या खाचेचे सहाही कोपरे गोल झाले होते. की आत जायची आणि नुसती फिरायची.

असं कशामुळे होतं तर कपाटातल्या मिसळलेल्या पान्यांमुळे. इंचाच्या संचात एक ३/३२ ची ॲलन की असते. ती २.३८ मिलिमीटर भरते. अडीचच्या खाचेत ती सहज बसते, थोडा जोर घेते, आपल्याला वाटतं आवळलं. दर वेळी कोपरे थोडे थोडे खात जाते. दोन-चार महिन्यांत स्क्रू निकामी होतो, आणि तोवर टनेल सैलच असतो. गोल टोकाच्या कीनं शेवटचा जोर दिला तरी हेच होतं. ती की फक्त तिरक्या जागेत स्क्रू फिरवत आणण्यासाठी असते, आवळायला सपाट टोकाचीच हवी.

याचा टार्गेटवर काय परिणाम होतो ते मोजून दाखवतो. पुढची आणि मागची साइट यांच्यात सत्तर सेंटिमीटर अंतर धरा. त्यातली एक साइट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी सरकली तर दहा मीटरवर गोळी जवळपास दीड मिलिमीटर बाजूला जाते. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि दशांश गुणपद्धतीत पाव मिलिमीटरला दशांश गुण जातो. म्हणजे मध्यावर लागणारी गोळी अर्ध्या गुणाहून जास्त गमावून बसते, आणि मुलीच्या हातून काहीही चुकलेलं नसतं.

अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला सुवर्ण जिंकलं, त्या अंतिम फेरीच्या आधीच्या सराव शॉटमध्ये त्याची गोळी चारच्या घरात गेली होती. साइटची मांडणी बदललेली होती, हे त्यानं पुढे सांगितलं. त्यानं तिथंच साइट सुधारून घेतली. चूक आपली नाही, साइटची आहे, हे त्या क्षणी ओळखायला त्याच्याइतका अनुभव लागतो. चौदा वर्षांच्या मुलीकडे तो नसतो. तिला फक्त एवढंच दिसतं की आज आपलं वाईट झालं. पान्याच्या दर्जाबद्दल मी एवढा आग्रह धरतो तो यासाठी.

तेव्हा रायफलीच्या भागांआधी हे घ्या: चांगल्या पोलादाच्या सपाट टोकाच्या मिलिमीटरच्या ॲलन की, दोनपासून पाचपर्यंत. त्या रायफलीच्या पेटीतच ठेवा, घरातल्या सायकलच्या पान्यांत मिसळू देऊ नका. लहान मापाचा टॉर्क स्क्रू ड्रायव्हर घ्या, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळता येतं. असा स्टॉक बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यात पोलादाचा स्क्रू जातो. हाताच्या अंदाजानं आवळला तर आटे ॲल्युमिनियमचे जातात, स्क्रूचे नाही, आणि मग सगळा स्टॉकच बदलायची वेळ येते. किती न्यूटन-मीटर लावायचे ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब घ्या. दाबाच्या हवेच्या जागी शिलाई मशीनचं किंवा सायकलचं तेल कधीही घालायचं नाही. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं.

त्या मुलीच्या टनेलचा तो स्क्रू मी शेवटी काढला. सोल्डरिंगच्या गरम टोकानं आधी स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावलेला गोंद मऊ केला, मग स्टारच्या आकाराचं बिट हलक्या हातानं ठोकून बसवलं आणि सावकाश फिरवलं. काढणं त्यातल्या त्यात सोपं होतं. नवा मिळवण्यात सगळी शक्ती गेली.

टनेल एका कंपनीचा, नळी दुसऱ्या कंपनीची, ॲक्शन तिसरीची. टनेलवाल्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की तुमची नळी आमची नाही, आमची नळी वापरा. नळीवाले म्हणाले, स्क्रू टनेलसोबत येतो, त्यांना विचारा. भारतातल्या विक्रेत्याला फोटो पाठवला. दोन निळ्या टिका दिसल्या, पुढे काहीच नाही. फोन केला तर, “कंपनीला विचारून सांगतो.” पुन्हा फोन केला तर, “सुटा स्क्रू येत नाही, पूर्ण टनेल घ्या.” चार रुपयांच्या स्क्रूसाठी हजारो रुपयांचा टनेल! आणि राज्य स्पर्धा तोंडावर आलेली. मुलीचे वडील माझ्यासमोर बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं आठवलं की मला त्या विक्रेत्याचा आजही राग येतो.

स्क्रू कोल्हापुरातच, छोट्या कारखान्यांच्या उद्यमनगरात मिळाला. एका कारागिरानं नमुना हातात घेतला, व्हर्नियरनं मोजला, त्याच आट्याचा कडक पोलादाचा स्क्रू शोधून लेथवर डोकं थोडं कमी करून दिलं. आपल्या गावात हे लोक आहेत हे नशीब. मात्र उद्यमनगरात न्यायचं ते स्क्रू, क्लॅम्प, बटप्लेटची पट्टी इतकंच. सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह, दाबाचा कुठलाही भाग तिथं द्यायचा नाही. २०० बारची हवा हे गमतीचं काम नाही.

पूर्ण रायफल एका ठिकाणी घेतली की बिघाड कुणाचा हा प्रश्न उरत नाही. सुट्या भागांत प्रत्येक कंपनीला दुसरीकडे बोट दाखवता येतं, आणि गिऱ्हाईक मधे उभं राहतं. स्वस्त पडण्याची ही खरी किंमत आहे, आणि ती कुठल्याच बिलात लिहिलेली नसते.

सिलिंडरबद्दल वेगळं लिहावंच लागेल, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथंच होते. सिलिंडरवर महिना-वर्ष कोरलेलं असतं. बनवणाऱ्या कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मुदतीतला सिलिंडर वापरणं ही खेळाडूची जबाबदारी आहे. परदेशात मुदत संपलेले किंवा संपत आलेले सिलिंडर स्वस्तात निघतात आणि ‘उत्तम स्थितीत’ म्हणून इकडे येतात. मी पाहिलेल्या एका व्यवहारात विक्रेत्यानं पाठवलेल्या फोटोत सिलिंडर नेमका असा धरला होता की तारीख खालच्या बाजूला गेली होती. माल हातात आला तेव्हा मुदत संपून गेलेली. परत घ्या म्हटल्यावर उत्तर आलं, “हवा तर धरतोय ना?” हवा धरणं आणि सुरक्षित असणं यात फरक आहे, आणि ते त्यालाही ठाऊक असणार. अशा माणसाकडून पुन्हा बटणसुद्धा घेऊ नका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात सिलिंडरला आणखी एक धोका असतो. हातपंपानं भरला तर हवेतली ओल आत जाते. जून ते सप्टेंबर शक्यतो रेंजवरच्या मोठ्या सिलिंडरमधूनच भरा. भरायचा ॲडॉप्टरही तुमच्या सिलिंडरच्याच कंपनीचा हवा, आटे जवळपास बसतात म्हणून दुसरा लावू नका.

परदेशातून भाग मागवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. कस्टम्सच्या वर्गीकरणात एअर रायफल ९३०४ मध्ये येते आणि तिचे सुटे भाग ९३०५ मध्ये. दोन्ही शस्त्रांच्याच प्रकरणात आहेत. पाठवणाऱ्यानं पाकिटावर ‘रायफल पार्ट्स’ एवढंच लिहिलं की आत रबराची ओ-रिंग असली तरी पाकीट अडकू शकतं, आणि बऱ्याच कुरियर कंपन्या ते घ्यायलाच तयार नसतात. म्हणून मी झिजणाऱ्या गोष्टी, म्हणजे ओ-रिंग, सील, स्क्रू, ज्या भारतातल्या विक्रेत्याकडे मिळतात, त्याच कंपनीची ॲक्शन घ्यायला सांगतो. परदेशातली दुसरी कितीही नावाजलेली असो, इथं तिची ओ-रिंग मिळत नसेल तर तिचा काय उपयोग?

विक्रेता कसा ओळखायचा, हेही सगळे विचारतात. माझी पद्धत साधी आहे. पैसे द्यायच्या आधी एक बारका प्रश्न पाठवा, उदाहरणार्थ भरण्याच्या व्हॉल्व्हच्या ओ-रिंगचं माप काय. ज्याला पुढे मदत करायची आहे तो माप सांगतो, किंवा बघून सांगतो म्हणतो आणि खरंच सांगतो. ज्याला फक्त विकायचं आहे तो किंमत कमी करून देतो. मग सिलिंडरवरच्या तारखेचा, ॲक्शनवरच्या अनुक्रमांकाचा आणि मूळ बिलाचा फोटो मागा. सुट्या भागांचा छापील नकाशा मागा, त्यावर प्रत्येक स्क्रूला क्रमांक असतो. ‘तो पुढचा छोटा स्क्रू’ म्हणण्यापेक्षा क्रमांक पाठवला की कुणालाही टाळाटाळ करायला जागा उरत नाही.

चांगले विक्रेते आहेत, हेही लिहिलं पाहिजे. एकाला मी बटप्लेटच्या तुटलेल्या खुंटीचा फोटो पाठवला, तर त्यानं शेजारी पट्टी ठेवून पुन्हा काढायला सांगितला, माप पडताळलं, आणि भाग पाठवताना सोबत एक जादा दिला. बटप्लेट त्याच्याकडून घेतलेलीही नव्हती. आता रेंजवरची निम्मी मुलं त्याच्याकडूनच घेतात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मूळ कागद असलेली, ट्रिगर न उघडलेली ॲक्शन मिळत असेल, सिलिंडरची निदान पाच वर्षं शिल्लक असतील, आणि विक्रेता बारक्या प्रश्नाला नीट उत्तर देत असेल, तर जोडून घ्या. वाचलेल्या पैशांतले काही पान्यांसाठी आणि सीलच्या एका जादा संचासाठी आधीच बाजूला काढा. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर आणखी सहा महिने क्लबची रायफल वापरा. मुलीचे गुण त्यानं कमी होत नाहीत. भाग आले की उघडू नका, जसेच्या तसे रेंजवर घेऊन या. आपण तुमच्यासमोर, तिच्या हातानं जोडू. कुठला स्क्रू कुठं बसतो आणि किती आवळायचा, हे तिलाच माहीत असलं पाहिजे.