बाल विभागाची किल्ली

आमच्या वाचनालयात बाल विभाग पहिल्यापासून आहे. विभाग म्हणजे काचेच्या दारांचं एक लोखंडी कपाट, त्याच्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये रंगवलेली 'बाल विभाग' ही अक्षरं, आणि एक किल्ली. किल्ली ग्रंथपाल मॅडमच्या खणात. पुस्तक हवं असलेल्या मुलानं आधी काचेला नाक लावून बघायचं, मग मॅडमना सांगायचं. मॅडमनी देवघेवीच्या टेबलावरची मोठ्या माणसांची रांग संपवून उठायचं, कुलूप काढायचं. तोवर मुलाचा विचार बदललेला. बदललेला नसला तरी जे पुस्तक हवं ते मागच्या रांगेत गेलेलं. सोनाराच्या दुकानातही गिऱ्हाइकाला याहून लवकर माल दाखवतात.

यात मॅडमचा दोष काढायचा नाही. ग्रंथपडताळणीच्या वेळी दाखल रजिस्टरातला एकेक क्रमांक कपाटातल्या पुस्तकाशी ताडून बघतात आणि जे सापडत नाही त्याचा जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. छोट्या वाचनालयाच्या ग्रंथपालाचा पगार ज्याला ठाऊक आहे, तो 'कुलूप का लावता?' असं विचारणार नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं चालतात. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. वर्गाप्रमाणे अनुदान, तेही हप्त्याहप्त्यानं. त्यातलं निम्मं पगाराचं आणि उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, मासिकं, वीजबिल, झाडू, फिनेल, सगळंच. अशा हिशेबात हरवलेलं पन्नास रुपयांचं पुस्तकही टोचतं.

पण पुस्तक जपण्याची ही आपली सवय मुलांच्या पुस्तकाला लावली की पंचाईत होते. 'पुस्तकं वापरण्यासाठी असतात' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच सूत्रांतला पहिला नियम. ही सूत्रं १९३१ सालची. त्यांना ते मुद्दाम सांगावं लागलं, कारण एके काळी युरोपातल्या वाचनालयांत पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवत. आमच्या मॅडमना ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षेसाठी हे सगळं पाठ करावं लागलं होतं. त्या स्वतःच हसून म्हणतात, "परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न होता तो. लिहून आले, आणि येऊन कपाटाला कुलूप घातलं."

कुलूप निघालं ते एका देणगीमुळे. गावचा एक चाकरमानी, मुंबईत मोठा झालेला, शाळकरी वयात याच काचेला नाक लावून उभा राहिलेला. त्यानं मुलांच्या पुस्तकांसाठी रक्कम दिली आणि अट एकच घातली: कपाटात ठेवायची नाहीत. कार्यकारी मंडळात यावर दोन तास चर्चा झाली. मी मंडळावर आहे. माझं तिथलं काम मुख्यतः चहा आल्यावर विषयाला परत आणणं. "उघड्यावर ठेवलं तर फाटतील," हा मुद्दा सगळ्यांनी आपापल्या शब्दांत मांडला. शेवटी कार्यवाह म्हणाले, "फाटतील तर फाटतील. कपाटातली पन्नास वर्षं फाटली नाहीत, ती कसरीनं खाल्ली." त्यावर कुणाला बोलता येईना. कोकणातल्या पावसात बंद कपाटातल्या पुस्तकाचं काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग खोके आले. एकात जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, दात येणाऱ्या बाळानं चावली तरी टिकणारी. दुसऱ्यात चित्रपुस्तकं, पानाला दोन ओळी आणि बाकी सगळं चित्र. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली, ज्योत्स्ना प्रकाशनाची, प्रथम बुक्सची. 'किशोर'चे जुने अंक एका सभासदानं बांधणी करून दिले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, त्यामुळे काही आजोबा तेवढ्यासाठीच बाल विभागात येऊन बसायला लागले. आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टींचा परवाना इतका खुला आहे, की छापून वाटल्या तरी चालतं. तेव्हा मॅडमनी त्यातल्या काही उतरवून छापल्या, मधोमध दुमडल्या, पिना मारल्या. या पुस्तकांना दाखल क्रमांक नाही. म्हणजे ती हरवू शकतात. मॅडमच्या चेहऱ्यावर मोकळेपणा दिसला तो या पुस्तकांपाशी पहिल्यांदा.

चौथ्या खोक्यात खेळ होते आणि रजिस्टराला ते झेपेनात. दाखल रजिस्टरात रकाने असतात लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. बुद्धिबळाचा लेखक कोण लिहायचा? शेवटी सगळे खेळ जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे वाचनालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, गेले. त्यामुळे आज तिथे टेबलफॅन आणि पाण्याचं स्टीलचं पिंप यांच्या मध्ये 'महाराष्ट्र नकाशा कोडे, तुकडे ३५' अशी सुवाच्य नोंद आहे.

आमच्याकडे सुट्टी खरी सुरू होते ती निकाल लागल्यावर. मुंबई-पुण्याची नातवंडं उतरली की गाव दुप्पट होतं. ही मुलं आजीच्या नावावर पुस्तकं न्यायला येतात. आजी महिला मंडळाच्या भजनाखेरीज वाचनालयाच्या पायरीला पाय लावत नाही, पण सभासद मात्र तीस वर्षांची. यंदा आम्ही सुट्टीपुरतं सभासदत्व काढलं. अनामत पन्नास रुपये, जाताना परत. एक नातू सकाळी नऊला पुस्तक नेऊन दहाला परत हजर.
"अरे, आत्ताच नेलंस ना?"
"संपलं."
"एका कार्डावर दिवसाला एकच."
"मग आजोबांच्या कार्डावर द्या."
आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. कार्ड चालू होतं. मॅडमनी दिलं.

सुट्टीच्या शिबिराचं उद्घाटन आमच्याकडे टळत नाही. प्रमुख पाहुणे मोबाईल आणि वाचनसंस्कृती या विषयावर बोलले. समोर सतरंजीवर आठ-नऊ वर्षांची पोरं, त्यांच्यातल्या कुणाकडेच मोबाईल नाही. कार्यक्रमात वाजला तो एकच, पाहुण्यांच्या खिशातला. मला वाटतं, वाचनाचं महत्त्व हा विषय मुलांसमोर काढूच नये. आंबा खायला बसलेल्याला कुणी आंब्याचे फायदे सांगत नाही.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून आकार करायचे, हा खेळ टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी देशभर नेला. त्याला खर्च जवळजवळ नाही. काड्यांचा गुल नखानं खरवडून टाकायचा, व्हॉल्व्हट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि काडीची टोकं त्यात खुपसायची. आमच्या सायकलवाल्याला व्हॉल्व्हट्यूब मागितली तर त्यानं आधी वर बघितलं, मग माळ्यावर चढून धूळ खाल्लेलं वेटोळं काढून दिलं. पैसे घेतले नाहीत. मुलांनी चौकोन केला आणि बोटानं ढकलला. तो लगेच कलंडून पतंगासारखा झाला. त्रिकोण केला. तो कितीही ढकलला तरी हलेना. तिसरीतली एक मुलगी बराच वेळ ते ढकलत बसली होती. मग पाठीवर आडवी झाली आणि तशीच ओरडली, "काकू, वर बघा, सगळे त्रिकोणच आहेत!"

वाचनालयाची इमारत जुनी, मंगलोरी कौलांची. कौलांखाली छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या आहेत आणि त्या कैच्या म्हणजे त्रिकोणांत त्रिकोण. मी गेली कित्येक वर्षं त्यांच्याखाली बसून वर्तमानपत्र वाचते. त्या मुलीला 'हे छप्पर कसं करतात' याचं पुस्तक हवं झालं. बाल विभागात नव्हतं. मोठ्यांच्या विभागात घरबांधणीवरचं एक निघालं, आकृत्यांनी भरलेलं. शेवटच्या पानावरच्या तारखांवरून दिसत होतं, की ते पंधरा वर्षांत कुणी नेलेलं नाही. तिनं नेलं. शब्द तिला कळले नसतील, पण आकृत्यांमध्ये पेन्सिलीनं त्रिकोण गिरवून आणले. मॅडमनी रबर घेतला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खणात टाकला.

नकाशाच्या कोड्याची गोष्ट याहून पुढची. विरारहून आलेला एक मुलगा. त्यानं गडचिरोलीपासून सुरुवात करून महाराष्ट्र बरोबर लावला आणि मग बसून राहिला.
"काय झालं?"
"माझा जिल्हाच नाहीये."
खरंच नव्हता. पालघर ठाण्यातून वेगळा झाला २०१४च्या १ ऑगस्टला आणि जिल्हे ३६ झाले. कोडं नवं कोरं असलं तरी बनवणाऱ्यानं साचा जुनाच वापरलेला. मी त्याला समजावलं, की तुझं विरार ठाण्याच्या तुकड्यात आहे असं समज. त्याला ते मान्य नव्हतं, आणि का असावं? दुसऱ्या दिवशी तो घरून कात्री घेऊन आला. भिंतीवरच्या नकाशात बघून ठाण्याच्या तुकड्यावर स्केचपेननं रेघ मारली, पुठ्ठा कापला आणि वरच्या अर्ध्या भागावर 'पालघर' लिहिलं. कापताना डहाणूच्या बाजूचा एक कोपरा उडाला, तो सेलोटेपनं जोडला. मॅडम देवघेवीच्या टेबलावरून हे सगळं बघत होत्या. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी जडसंग्रह नोंदवही काढली, ३५ वर आडवी रेघ मारली, वर ३६ केलं आणि बाजूला सही केली.

मात्र शिबिराचा सगळा बेत असा जमला नाही. हस्ताक्षराच्या वर्गाला पालक हौसेनं मुलांना सोडून गेले आणि मुलं पाणी प्यायला जाऊन परत आली नाहीत. कॅरमवर मोठ्या मुलांनी कब्जा केला. गोष्टी वाचून दाखवायला बोलावलेले एक निवृत्त शिक्षक प्रत्येक परिच्छेदानंतर प्रश्न विचारायला लागले. तिसऱ्या प्रश्नाला मुलांनी ओळखलं, की ही शाळाच आहे. त्याच गोष्टी सातवीतल्या एका मुलीनं ओसरीवर बसून धाकट्यांना वाचून दाखवल्या. मध्ये थांबून ती स्वतःच हसायची आणि पुढचं पान आधी बघून घ्यायची. शहरातल्या इंग्रजी शाळेतली मुलं तिच्या खांद्यावरून पानात डोकं घालून बसली होती. त्यांचं बोट चित्रावरून अक्षरांवर कधी सरकलं ते मलाही दिसलं नाही. आणि हो, सातवी-आठवीतले मुलगे चित्रपुस्तकं नेतात. "बहिणीसाठी" म्हणतात. त्यांतल्या दोघांना बहीण नाही. मॅडम विचारत नाहीत.

मे संपत आला तसं जे व्हायचं ते झालं. पुस्तकं फाटली. आमरसाचे डाग, रातांब्याचे डाग, एकावर फणसाचा चीक असा की दोन पानं कायमची एक झाली. मग शेवटच्या आठवड्यात मुलांनाच दुरुस्तीला बसवलं. बांधणीवाले काका आले. ते खळीत मोरचूद घालतात, त्यानं कीड लागत नाही. पण तो विषारी, म्हणून मुलांसाठी नुसत्या मैद्याची खळ शिजवली. ती दुसऱ्या दिवशी आंबली आणि मुंग्यांनी शोधली. तरी काम झालं. पातळ कागदाची पट्टी फाटलेल्या कडेवर कशी बसवायची, खळ बोटानं मधून बाहेर कशी ओढायची, वर फडकं ठेवून वजन किती वेळ ठेवायचं, हे काका एकेकाचा हात धरून शिकवत होते. गंमत अशी, की दुरुस्त करता करता पोरं ती पुस्तकं पुन्हा वाचत बसली आणि वजन ठेवायला उरलीच नाहीत.

सगळ्यात जास्त फाटलेलं पुस्तक कोणतं, याची मी मनातल्या मनात यादी केली. ज्याचं मुखपृष्ठ गेलं, ज्याचा कणा सुटला, ज्याची मधली चार पानं वेगळी झाली, ती सगळी एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली. जी कोरी राहिली ती सुविचारांची आणि थोर पुरुषांची, दात्यांच्या सह्यांसकट. पुढच्या खरेदीला हीच यादी वापरावी, असं मी मंडळात सुचवलंय. निर्लेखनाचा, म्हणजे फाटलेली पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा, खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा, असंही. अध्यक्ष म्हणाले, फाटण्यासाठी तरतूद करणारं जिल्ह्यातलं पहिलं वाचनालय आपलं असेल. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, रेल्वेच्याही आधीचं. त्यांनीही इतक्या वर्षांत कधीतरी केली असेलच, असं मी म्हटलं आणि चहा आला.

१५ जूनला शाळा उघडल्या. मुंबईकर गेले, अनामती परत झाल्या. एक सोडून. कैच्या-त्रिकोणवाल्या मुलीनं घरबांधणीचं पुस्तक दुसऱ्यांदा नेलं होतं आणि ते तिच्याबरोबर डोंबिवलीला गेलं. तिची आजी मुद्दाम सांगायला आली. म्हणाली, "फोन केला होता. ती म्हणते, आमच्या बिल्डिंगचं काम चाललंय शेजारी, ते बघून पुरं करायचंय. गणपतीला येतेय तेव्हा आणते म्हणाली. दंड पडेल काय हो?"

मॅडमनी नोंद उघडली. परतीच्या तारखेच्या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलं: 'गणेश चतुर्थी'.