केस कापण्याचा दिवस

रविवार, रात्री

आज संस्थेत न्हावी आला होता. मुलांच्या बालगृहात दर महिन्याला सगळ्यांचे केस बारीक कापायचे, हा नियम उवांच्या भीतीने झालेला आहे आणि त्यामागे कोणाचा दुष्टावा नाही. पण नोंदवहीत मुलगा म्हणून लिहिलेली, स्वतःला मुलगी मानणारी सोळा वर्षांची एक जण खुर्चीत बसायला तयार होईना, तेव्हा काळजीवाहकांनी तिला धरून बसवले आणि संध्याकाळी तिच्या फायलीत ‘शिस्त पाळत नाही’ अशी ओळ पडली. समुपदेशक म्हणून ती फाइल माझ्याकडे येते. याच केसांवरून वडिलांनी मारले म्हणून ती घरातून पळाली, रेल्वे स्थानकावर सापडली आणि बालकल्याण समितीच्या आदेशाने इथे आली, हे त्याच फायलीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे.

जेवण झाल्यावर कायदे काढून बसले. लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. 2019 च्या तृतीयपंथीय व्यक्तींविषयीच्या कायद्यात मात्र अल्पवयीन मुलाच्या ओळख प्रमाणपत्रासाठी अर्ज आईवडिलांनी किंवा पालकाने करायचा आहे. मारणारा बाप तो कशाला करील? कुटुंब सांभाळू शकत नसेल तर न्यायालयाने पुनर्वसन केंद्रात पाठवावे, असेही त्यात आहे. पण केंद्र सरकारच्या योजनेतली गरिमा गृहे, म्हणजे तृतीयपंथीयांसाठीची निवारागृहे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहेत. बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या नियमांत मुलग्यांची आणि मुलींची गृहे वेगळी सांगितली आहेत, आणि ही मुलगी त्या दोन्हींच्या मध्ये अडकली आहे.

रात्रीचा प्रश्न याहून अवघड. मोठी मुले त्रास देतात म्हणून तिची गादी कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात हलवली. त्रास देणारे आपापल्या जागी झोपतात. मागे दोन मुलग्यांनी एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडल्या, तेव्हा त्यांतल्या एकाला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवले आणि त्याची दहावीची शाळा सुटली. अधीक्षकांची भीती मला कळते: बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने अठराच्या आतले प्रत्येक जण बालक आहे, लैंगिक गुन्ह्याची माहिती दडवणे हाही गुन्हा आहे, आणि उद्या काही घडले तर जबाब त्यांनाच द्यावा लागेल. तरीही या भीतीची किंमत दर वेळी त्या मुलांनीच का मोजायची, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही.

न्हाणीघराला आतून कडी बसवण्याचे अधीक्षकांनी आज मान्य केले. केसांचा विषय काढला तेव्हा म्हणाले, “मॅडम, एकीला सूट दिली तर बाकीची मुले काय म्हणतील?” शीख मुलगा आला तर आपण त्याचे केस कापतो का, असे मी विचारले. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “तसे लेखी द्या.” मंगळवारी समितीची बैठक आहे, त्याआधी केस, अंघोळ आणि झोपण्याची जागा या तिन्ही गोष्टी तिच्या वैयक्तिक काळजी योजनेत घालायच्या आहेत, आणि मसुदा उद्या आधी तिलाच वाचून दाखवणार आहे.