"मला दोन डाउट आहेत"

हिंजवडीच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळतो. काम इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचं. त्या दिवशी सकाळी आमच्या टीममधली सांगलीकडची मुलगी उघडा लॅपटॉप हातात धरूनच माझ्या टेबलापाशी आली. चेहरा पार उतरलेला. "सर, माझं काय चुकलं तेच कळत नाहीये."

आदल्या दिवशी तिने क्लायंटला मेल केला होता, "आय हॅव टू डाउट्स अबाउट युवर प्रीमियम कॅल्क्युलेशन." उत्तर तिकडच्या वरिष्ठ बाईंचं होतं, आमच्या मॅनेजरना कॉपीत ठेवून. "आमची आकडेमोड तपासून घेतलेली आहे, तुमचा नेमका कशावर विश्वास नाही ते कळवा."

मी मेलमध्ये खाली जाऊन तिचे डाउट वाचले. पहिला, ग्राहकाचं वय मागच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं धरायचं, की सर्वांत जवळच्या वाढदिवसाचं? 35 वर्षं 8 महिन्यांचा माणूस एका पद्धतीने 35 चा, दुसऱ्या पद्धतीने 36 चा. हप्ता तिथेच बदलतो. दुसरा, 29 फेब्रुवारीला जन्मलेल्याचं वय एरवीच्या वर्षांत 28 फेब्रुवारीला वाढवायचं, की 1 मार्चला? इतके नेमके प्रश्न, की मला तिचा अभिमान वाटला. अविश्वासाचा त्यात लवलेशही नव्हता.

आपण शाळेपासून "काही शंका?" ऐकत वाढतो. पुण्यात क्लासवाले 'डाउट सेशन' घेतात. मराठीत शंका विचारतात आणि शंका घेतातही. विचारली तर जिज्ञासा, घेतली तर संशय. हा भेद आपलं क्रियापद सांभाळतं. इंग्लंडमधल्या माणसाच्या कानाला मात्र 'डाउट' म्हणजे शंका घेतलीच. शब्द मूळ लॅटिन 'दुबितारे'वरून आला, दोन्हींकडे मन ओढ घेणं, आपण 'द्विधा' म्हणतो तसं. गंमत अशी की त्याच मुळातला स्पॅनिश 'दुदा' आपल्या शंकेसारखा सहज विचारता येतो. त्यामुळे मॅनेजर "हिचं इंग्रजी कच्चं आहे" म्हणाले तेव्हा मी ते मान्य केलं नाही. तिने मराठीतला अर्थ प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला होता.

दुपारी 2 वाजता, तिकडचे सकाळचे साडेनऊ, कॉल लावला. मी आधी एवढंच सांगितलं, की आमच्याकडे 'डाउट' म्हणजे समजून घ्यायचा प्रश्न. बाई क्षणभर गप्प झाल्या, मग मोकळेपणाने सॉरी म्हणाल्या. पुढचं मी त्या मुलीला बोलू दिलं. पहिल्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, मागचा वाढदिवस. दुसऱ्यावर पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, हे आमच्या नियमांत लिहिलेलंच नाही, लेखी पाठवाल का?

ती लगेच टाइप करायला बसली. "सर, 'क्वेश्चन' लिहू ना?"

"त्यांना क्वेश्चन लिही. मला काही विचारायचं असलं तर डाउटच विचार."