'औदुंबर' : आठवडा चौथा

महिन्याला चार कविता, असं ठरवलं होतं. महिना सरत आला तरी माझा मुक्काम बालकवींच्या 'औदुंबर'मध्येच आहे. अवघ्या आठ ओळी. पाठ पहिल्याच दिवशी झाल्या, वहीची पानं मात्र भरतच चालली आहेत.

पहिला आठवडा रंगांत गेला. हिरवाळी, निळासावळा झरा, मळ्यांची हिरवी गर्दी, त्यातून निघालेली पांढरी पायवाट, आणि ती जाते कुठे, तर काळ्या डोहाकडे. हे दिसलं आणि कविता मृत्यूची वाटू लागली. त्यात बालकवी १९१८ साली, वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. माझा अर्थ पक्का झाला.

मग वाटलं, तो अपघात कवितेत कुठे आहे? तो तर मी बाहेरून आणला. कवितेत 'मी' नाही, दुःख हा शब्दही नाही.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात कवीचं नाव न सांगता घरी वाचून दाखवली. आई म्हणाली, "उन्हातून आलेला माणूस पाय गार करत बसलाय." काका म्हणाले, "दत्ताचं झाड ते. योगीच बसलाय." भाचीनं विचारलं, "असला म्हणजे कसला?"

त्या प्रश्नावर मी अख्खा तिसरा आठवडा काढला. 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. बालकवी बोट दाखवतात, 'असला', आणि कविता तिथंच संपते. कसला, ते आपण मागच्या सात ओळींतून गोळा करायचं. प्रत्येकाची ओंजळ वेगळी भरते.

पण म्हणून सगळे अर्थ सारखेच टिकतात असं नाही. 'गोड काळिमा' म्हटलंय. माझ्या मृत्यूच्या अर्थानं इतके दिवस 'गोड' गाळलाच होता. आईच्या अर्थात 'गोड' छान बसतो, पण डोह काळा का, ते सुटत नाही. काकांचा योगी मांडी घालून बसेल, पाण्यात पाय सोडून कशाला? सध्या मी आईच्या बाजूला जास्त झुकलोय.

या आठवड्यात फक्त मोठ्यानं वाचन. 'बसला'नंतर श्वासभर थांबून 'असला औदुंबर' म्हटलं, की झाड एकदम समोर येतं. न थांबता म्हटलं, तर ते पाण्यातल्या सावलीसारखं हळूच सरकतं. तुम्ही थांबता का तिथं?