बुचाचे आणि दांडीचे

आमच्या घरी इअरबड्सच्या दोन जोड्या आहेत आणि त्यांची नावं आईनं ठेवलीत: एक बुचाचे, एक दांडीचे. बुचाचे पुण्याच्या आतेभावानं दिलेले. काळे, महागातले, सिलिकॉनचं बूच कानात घट्ट बसतं. दांडीचे बाजारातले, पांढरे, स्वस्त. ते कानाच्या खोबणीत नुसते टेकतात.

गाण्यापुरतं बोलायचं तर तुलनाच नाही. बूच नीट बसलं की ढोलकीचा घुमारा भरून येतो. दांडीच्यांत तो फटीतून निसटतो आणि टिमकी तेवढी उरते. शिवाय बुचाच्यांना बाहेरचा आवाज मारता येतो. त्यांचा माइक भोवतीचा आवाज टिपतो, आतली चिप त्याच्या बरोब्बर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. खर्जातल्या, एकसुरी आवाजावर ही विद्या चांगली चालते. सोयाबीन काढताना धुऱ्यावर बसून पाहिलं: थ्रेशरची घरघर बरीचशी गायब, पण मजुरांची एकमेकांना चाललेली चिडवाचिडवी शाबूत.

एक त्रास आहे. बुचाचे घालून फुटाणे खाल्ले की आपल्याच जबड्यात गिरणी सुरू होते.

पण वावरात कान काही गाण्यासाठीच नसतात. हरभऱ्याच्या ओलिताला लाइन पुष्कळदा रात्रीचीच मिळते. विहिरीवरची मोटर सुरू करायची आणि थंडीत शेकोटीपाशी बसून राहायचं. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटरचा भरलेला सूर पातळ होतो, मध्येच गचके खातो. तेव्हा धावत जाऊन ती बंद करायची, नाहीतर कोरडी चालून सील जातं, वाइंडिंगही जळू शकतं. आता गंमत बघा. हा सूर नेमका खर्जातला आणि एकसुरी; म्हणजे बुचाचे आधी गिळणार तोच! शिवाय शेजारच्या तुरीत रानडुक्कर शिरलं तर ती खसखसही कळायला हवी. म्हणून जागलीला दांडीचे, तेही एकाच कानात. ज्या फटीमुळे ते स्वस्त ठरले, तिच्याच जिवावर माझी मोटर शाबूत आहे.

रंग ठरवताना मात्र कंपन्यांनी वऱ्हाडाकडे पाहिलेलंच दिसत नाही. पांढरा बड वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या कापसात पडला तर शोधणार कुठे? आणि काळा आमच्या काळ्या मातीत? फोनवरून शीळ वाजवायची सोय बुचाच्यांना आहे, पण ढेकळाखालून येणारी ती बारीक चिवचिव ऐकायला दुसरा बड कानातून काढावा लागतो.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की दोन्ही डब्या माठाच्या सावलीला. लिथियमच्या बॅटरीला ऊन सोसत नाही. आम्हाला तरी कुठे सोसतं म्हणा.

बुचाचे सध्या धाकटीकडे आहेत. ती कॉलेजला एसटीनं जाते आणि लाल डब्याच्या इंजिनासाठीच ते जन्माला आले असावेत. घरी आल्यावरही काढत नाही. आई ओरडते, "कवाची आवाज देऊन रायली, आयकू नाई येत काय वं तुले?" ही मान हलवून इअरबड्सकडे बोट दाखवते. गाणं बंद असलं तर माणसाचा आवाज त्यांतून चांगला ऐकू येतो, हे मला ठाऊक आहे. आईला अजून नाही.